दानम्माच्या नावानं

परळीचे स्वामी आले तेव्हा ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं होतं, आणि दानम्माच्या पोटात आदल्या दुपारपासून पाण्याचा थेंब नव्हता.

अंगावर लिंग नाही तोवर अन्न नाही, पाणी नाही. हे तिला कधी कुणी समजावून सांगितलं नव्हतं. जन्माच्या आठव्या दिवशी गळ्यात शिवदारा, लिंगाचा दोरा, पडला, त्याच्याबरोबरच हेही कधीतरी अंगात मुरलं होतं. घरातल्या बाकीच्यांची लिंगं अंगावर होती, त्यांना बंधन नव्हतं. काल संध्याकाळी थोरल्या दिराच्या पंगतीला तिचा नवरा बसला. आज सकाळीही बसला. "मी बी न्हाई खानार," असं तो तिला म्हणाला होता. मग दिरानं, चन्नप्पानं, ओसरीवरून हाक मारली, "सिद्धलिंग, ताट वाढलंय," आणि तो उठून गेला. भाकरी मोडल्याचा आवाज तिनं माजघरातून ऐकला. ज्वारीची ताजी भाकरी होती, तिचा आवाज होतोच.

आता ती उंबऱ्याच्या आत बसली होती, पदर भुवयांपर्यंत ओढून. थोरल्या दिरासमोर सुनेनं तोंड उघडायची या घरात रीत नव्हती. म्हणून भिवराबाई आत्या, सासऱ्यांची विधवा बहीण, उंबऱ्यावरच बसली होती, एक पाय आत, एक बाहेर. आतलं बाहेर सांगायला.

चन्नप्पानं स्वामींचे पाय धुतले. "शरणार्थ, स्वामी."

"शरणार्थ. कुणाचं लिंग?"

"धाकल्या सुनेचं. सिद्धलिंगच्या मंडळीचं."

पितळी ताटलीत बेलाची पानं होती. स्वामींनी ती बाजूला केली, वाकून पाहिलं आणि परत झाकली.

"वरचं लेपण वितळलंय," ते म्हणाले. "बिब्बा न् राळ हाय त्यात, ऊब लागली की सुटतं. पर आतला दगड बी तडकलाय. इस्तवाबिगर हे व्हायचं न्हाई. कसं झालं?"



चन्नप्पानं भावाकडं पाहिलं. सिद्धलिंग खांबाला टेकून उभा होता आणि स्वतःच्या अंगठ्याचं नख न्याहाळत होता. नखात अजून काळं होतं.


कानस

सगळ्यात आधी आली ती कानस. वीतभर लांब, बोटाएवढी जाड, तेलकट कागदात गुंडाळलेली. अंबाजोगाईला घोडदळाची छावणी होती आणि छावणीच्या तोंडाशी एका पारशाचं दुकान. साहेब लोकांसाठी तो मुंबईहून माल मागवी. सिद्धलिंग दुकानाच्या कामानं तिकडं गेला होता, सरकीचा भाव बघायला. परत आला तो धोतराच्या ओच्यात कानस घेऊन.

"तुझ्या बुगडीचा आकडा टोचतो म्हनत व्हतीस न्हवं? तवा आणली."

तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. पण त्यानं बुगडी काढून घेतली, आकड्यावर कानस फिरवली, परत तिच्या कानात घातली. "आता टोचतंय का?" तो विचारायचा, आणि विचारताना त्याचं तोंड तिच्या कानाजवळ यायचं. या घरात दिवसाउजेडी नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. माजघरात आत्या, स्वयंपाकघरात जाऊ, ओसरीवर दीर.

"थोडं टोचतंय अजून," ती म्हणाली.

टोचत नव्हतं. तिचं पहिलं खोटं हेच.


ओसरी

"मी इचारतोय, कसं झालं?" स्वामी पुन्हा म्हणाले.

"घरातली मान्सं गप का बसल्यात, तेच मला कळंना," चन्नप्पा म्हणाला. "कालपासून इचारतोय. ही रडती, ह्यो नख बघतो. आत्या, तुमी तरी इचारा तिला."

आत्या वळली. "दानम्मा, बोल गं बाई. स्वामी उपाशी बसल्यात तुज्यापायी."

दानम्मा नवऱ्याकडं बघत होती. पदराखालून तिला त्याची फक्त पावलं दिसत होती. उजव्या पायाच्या अंगठ्यानं तो जमिनीवर दाब देत होता. सोडत होता, पुन्हा दाब देत होता.

भात्यावर देतात तसा.


शिकंजा

शिकंजा, वस्तू आवळून धरायचा लोखंडी जबडा, कानसेसारखा ओच्यात मावण्यातला नव्हता. तो गाडीत आला, सरकीच्या पोत्यांखाली. दोघांनी धरून उतरवला.

"वाण्याच्या घरात लव्हाराचं सामान कावून?" चन्नप्पानं विचारलं.

"दानम्माच्या अडकित्त्याची खीळ ढिली झाली, अण्णा. वस्तू धरून ठेवायला कायतरी लागतंच की."

"अडकित्त्याला?"

"लई दिवस म्हनत व्हती ती."

चन्नप्पा वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला पटलं. त्याला पटलं की धाकट्या भावाची बायको हौशी आहे, तोंडानं बोलत नाही पण हट्ट पुरवून घेते, आणि भाऊ बाईलवेडा आहे. एकदा पटल्यावर त्याला सगळीकडं तेच दिसू लागलं. लुगडी घ्यायची वेळ आली की तो म्हणे, धाकलीला यंदा न्हाई घेतलं तरी चालंल, तिचं काय ना काय येतच असतं. विहिरीवर बायका म्हणत, "नवरा लई हौस पुरवतो बाई तुझी." आणि शांतादेवी, थोरली जाऊ, हिनं तर एक दिवस सूप आपटलं. "माझी पुतळ्यांची माळ गाठवायची राहिली ती राहिलीच. न् हिच्या अडकित्त्याला मुंबईचा शिकंजा!"

दानम्मानं तेव्हा नवऱ्याला गाठलं होतं, गोठ्याच्या आडोशाला. "आवं, माज्या नावावर अजून काय काय घालनार?"

"तुला काय तोटा झाला? तुजीच कामं व्हत्यात की."

"मी कवा सांगितली कामं?"

"मंग काय म्हनू अण्णाला? मला पायजे म्हनू?" तो हसला. अगदी अशक्य गोष्ट बोलल्यासारखा हसला. "बायकोसाठी म्हनलं की मानूस गप बसतो. सोतासाठी म्हनलं की हिशेब मागतो."

तिला राग आला होता. पण माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात संध्याकाळी कानस चालू लागली की ती वाती वळायला मुद्दाम तिथंच बसे. करकर, थांबणं, फुंकर. करकर, थांबणं, फुंकर. त्याच्या बोटांना त्या वेळी जो मऊपणा यायचा तो तराजू धरताना नसायचा.


भाता

काल आला तो दिवा. इस्पिरिटवर जळणारा, पितळी, आणि त्याला जोडलेला पायानं दाबायचा भाता. दुकानात खोकं उतरताना चन्नप्पानं पाहिलं. सबब तिथल्या तिथं लागणार होती, आणि सिद्धलिंगला ती सुचली.

"दानम्माच्या चौक्याची कडी झिजलीया, अण्णा. शिवदारा कवा सुटंल नेम न्हाई. लिंगाचा चौका सोनाराच्या भट्टीत द्यायचा का? म्हनून घरीच डाग दिऊन जोडावी म्हनलं."

चौका म्हणजे गळ्यातली चांदीची डबी, जिच्यात लिंग असतं. तिचं नाव काढल्यावर चन्नप्पा काय बोलणार? आत्यानं तर कपाळाला हात लावून नमस्कार केला. "देवाच्या कामाला आलं म्हनायचं कायतरी."

कडी झिजली होती, पण फार नाही. आणखी दोन पिढ्या चालली असती. पण बोललेलं खरं करून दाखवायला हवं होतं, आणि तेही लगेच, कारण चन्नप्पा संध्याकाळी विचारणार होता.

"उद्या सकाळी पूजेला लिंग बाहेर काढीन," दानम्मा म्हणाली. "हातावर घिऊन बसते. तवा डबी रिकामी आसंल. तवा करा."

"अण्णा आज इचारतील."

"जेवनं झाल्यात. आंघोळीबिगर लिंग उघडायचं न्हाई."

"उघडू नको. गळ्यातून काडू बी नको." तो घाईनं बोलत होता, डोळे चमकत होते. "दोन कड्या हायत न्हवं? एकीत शिवदारा राहू दे. दुसरीला डाग देतो. ज्योत नखाएवढी असती बघ. वरून ओलं फडकं गुंडाळतो. लिंगाला ऊब बी लागनार न्हाई."

अंगावरून लिंग उतरवायचं नाही आणि कडी तर आजच जोडायची. दोन्ही पाळायला एकच मार्ग होता. दानम्मा फळीवर वाकली, गाल लाकडाला टेकवला. चौका शिकंज्याच्या जबड्यात. शिवदारा ताणलेला, एक टोक डबीला, बाकी तिच्या मानेभोवती. दावणीला गाय बांधावी तशी ती नवऱ्याच्या हत्याराला बांधलेली होती. आणि ती हलू शकत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला ते वाईटही वाटलं नाही. त्याचा श्वास तिच्या कपाळावर येत होता.

त्यानं भाता दाबला. ज्योत निळी झाली, लांब झाली, फुत्कारू लागली. आजवर तो पणतीवर नळीनं फुंकर मारून काम करी. त्या ज्योतीची त्याला सवय होती. या ज्योतीशी त्याची ओळखच नव्हती. ती किती खोल जाते हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि ओलं फडकं तर केव्हाच सुकलं होतं.

"बघ बघ. डाग पळाला. पान्यासारखा पळाला बघ!"

"आवं, वास येतोय."

"डागाला लावलेल्या सवागीचा असंल. हलू नको."

"बिब्ब्याचा येतोय. आवं—"

"आता हलली तर डाग फाटंल. जराशी कळ काढ, जराशी."

तिनं कळ काढली. हनुवटीखाली कातडी पोळत होती तरी काढली. मग डबीच्या फटीतून काळं काहीतरी ठिबकलं, शिकंज्याच्या लोखंडावर पसरलं, आणि आत टचकन् आवाज झाला.

दारात शांतादेवी उभी होती, हातात तांब्याची घागर. केव्हापासून उभी होती कोण जाणे. घागर कमरेवर घेऊन निघून गेली.

कडी मात्र सुरेख बसली होती.


ओसरी, परत

"बोल बे," चन्नप्पा भावावर ओरडला. "त्या भात्यानं झालंय का हे? झालं असंल तर आजच्या आज तुझी समदी हत्यारं हिरीत टाकतो. आन् उद्यापासून तुझी चूल येगळी, तुझं दुकान येगळं. बायकोच्या गळ्यातलं लिंग जाळनाऱ्याच्या हातात मी तराजू द्यायचा न्हाई. गिऱ्हाइकं बी यायची न्हाईत. सांग, झालंय का?"


सिद्धलिंग काय बोलला

 

 


ओसरी

दानम्मानं वाट पाहिली. पदर तिनं जरा वर केला, रीत मोडून, म्हणजे त्याचं तोंड दिसावं. त्याचे ओठ हलले. मग त्याची नजर माजघराच्या कोपऱ्यात गेली, जिथं दिवा आणि भाता पोत्याखाली झाकून ठेवला होता. तिथून ती तिच्यावर येईल असं तिला वाटलं. आली नाही. तिथंच राहिली.

दानम्मा आत्याच्या कानाशी वाकली. "चुलीवर वाकले व्हते, आत्या. डबीचं झाकन सैल व्हतं. इस्तवात पडलं."

आत्यानं मोठ्यानं सांगितलं, "म्हनती, चुलीवर वाकली व्हती, डबी उघडून इस्तवात पडली." आत्याच्या तोंडून ते जास्त खरं वाटलं. खोटं दोनदा बोललं गेलं, आणि दुसऱ्यांदा बोलणाऱ्याला ते खोटं असल्याचं माहीत नव्हतं.

"न् कडी?" चन्नप्पा भावाला म्हणाला. "कडीला डाग द्यायचा व्हता न्हवं?"

"अजून लावली न्हवती, अण्णा," सिद्धलिंग म्हणाला. आज त्यानं उच्चारलेलं पहिलं वाक्य ते हेच. "आज लावनार व्हतो."

"पडताना कुनी पाह्यलं?" स्वामींनी विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारातून बांगड्या वाजल्या. "आत्या, त्यास्नी सांगा," शांतादेवी म्हणाली. "मी तितंच व्हते. पाह्यलंय मी."

दानम्मानं मान वळवली. शांतादेवी तिच्याकडं बघत नव्हती. सुपातले खडे वेचत होती.

"डबी कुटं हाय?"

सिद्धलिंगनं फळीवरून ती आणून दिली, फडक्यात गुंडाळलेली. स्वामींनी फडकं सोडलं. डबी काळीठिक्कर होती. त्यांनी बोट फिरवलं, बोट काळं झालं, त्यांनी ते अंगठ्यावर चोळून पाहिलं. "चुलीचीच काजळी," ते म्हणाले आणि मान डोलावली.

दानम्माला क्षणभर काही समजलं नाही. काल ती डबी तिच्या डोळ्यांदेखत त्यानं शिकंज्यातून काढली होती. एका बाजूला जरा निळी पडली होती, बाकी लखलखीत. चुलीजवळ ती गेलीच नव्हती. म्हणजे सकाळी कधीतरी, सगळे परसात असताना, तो चुलीपाशी बसला. तव्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली. आणि कानस फिरवायचा तशा नेमक्या हातानं ती डबीला लावली, कडीला लावली, बिजागराच्या फटीतही लावली.

तिनं खोटं बोलायचं ठरवलं ते आत्ता. त्यानं ते तिच्यासाठी सकाळीच तयार करून ठेवलं होतं.

हनुवटीखालचा फोड ठणकू लागला. कालपासून तो एकदाही ठणकला नव्हता.

स्वामी म्हणाले, लिंग संभाळता आलं न्हाई हा बाईचा प्रमाद. कपिलधारची यात्रा करून येईस्तोवर तिनं चुलीला शिवू नये. तडकलेलं लिंग नदीच्या डोहात सोडलं जाईल. मग त्यांनी भस्म लावलं, मंत्र कानात सांगितला, नवं लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. ते थंड होतं आणि तिचं नव्हतं. चौका शुद्ध होईपर्यंत पांढऱ्या फडक्यात बांधून गळ्यात घालायचं ठरलं. आत्यानं फडकं फाडलं, पण गाठ मारताना तिच्या मानेला बोट लागू दिलं नाही. कालपर्यंत आत्याच तिची वेणी घालायची.

मग पाणी मिळालं. पाण्याला काजळीचा वास येत होता असं तिला वाटलं. पाणी तेच होतं.


हिशेब चुकता नाही

परसात शांतादेवीनं तिला गाठलं.

"फुकाट न्हाई बोलले मी."

"काय पायजे, अक्का?"

"ह्यांनी भावजींना येगळं काडलं असतं, तर दुकानाचं समदं वझं ह्यांच्या एकट्याच्या उरावर आलं असतं. त्यापायी बोलले. तुज्यावर माया हाय म्हनून न्हाई." तिनं पदर खोचला. "दळन आजपासून तुजं. सैपाक माजा. बाकी काय पायजे ते मागीन, सवडीनं."


फडकं

दिवा लावायच्या वेळी सिद्धलिंग तिच्याजवळ आला. हळू म्हणाला, "हत्यारं वाचली."

ती वात तेलात भिजवत राहिली.

"नवा चौका करतो मी. जुनी चांदी आटवून. असा करतो, कपिलधारला बाया थांबून बघतील. नुसती एक बारीक पत्राकातर लागंल. पारशाकडं हाय. तुज्यासाठी—"

"माजं नाव घिऊ नका."

"म्हंजे?"

"आना. कातर आना, न्हाईतर आख्खी भट्टी आना. मी आडवी यायची न्हाई. पर दानम्मासाठी म्हनू नका. ह्या घरात माज्या नावानं आता काय बी यायचं न्हाई. मला पायजे म्हना. म्हना की एकदा. मला पायजे."

तो तोंड उघडून बसला. म्हणायचा प्रयत्न त्यानं केला असावा.

"इतकंच व्हतं," दानम्मा म्हणाली. "पयल्या दिवशी म्हनला असता, तर कानस मीच पुसून ठिवली असती रोज."

चौका त्यानं केला नाही. लिंग फडक्यातच राहिलं. माजघराच्या कोपऱ्यातून आवाज यायचा बंद झाला, आणि शिकंज्यावर आत्या ओली फडकी वाळत घालू लागली. शिक्षा कुणाला झाली हे दानम्माला नीट कळेना. संध्याकाळी वाती वळायला ती अजूनही तिथंच बसे. सवय. वाती वळून झाल्या तरी बसे.


पत्राकातर

कार्तिकात ती कपिलधारला जाऊन आली, आत्याबरोबर, पायी. वाटेत आत्या दोनच शब्द बोलली. परतल्यावर चुलीची मोकळीक मिळाली, पण दळण शांतादेवीनं परत घेतलं नाही, आणि दानम्मानंही विचारलं नाही.

एका सकाळी ती जात्यावर बसली होती. ओसरीवर चन्नप्पाचा आवाज आला.

"आता हे काय आनलंस बे?"

"पत्राकातर हाय, अण्णा."

"कशाला?"

दानम्माचा हात थांबला. जातं थांबलं. आता म्हणेल, तिला वाटलं. छातीवरची फडक्याची गाठ तिनं मुठीत धरली. म्हणेल आता.

"वैनीच्या पानाच्या डब्याचं झाकन," सिद्धलिंग म्हणाला. "लई दिवस म्हनत व्हत्या."

स्वयंपाकघरातून शांतादेवी लगेच बोलली, आत्याला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आत्या, सांगा त्यास्नी. मीच सांगितलं व्हतं भावजींना."

चन्नप्पा हुंकारला आणि दुकानात गेला.

मग माजघराच्या कोपऱ्यातून आवाज आला. करकर, थांबणं, फुंकर. करकर, थांबणं, फुंकर. बऱ्याच महिन्यांनी. नंतर पावलं स्वयंपाकघराकडं गेली.

"बघा वैनी. आता बसतंय का?"

डब्याचं झाकण लागल्याचा आवाज दानम्मानं ऐकला. अचूक, बारीक, एकाच टिचकीत. कुठं अडकलं नाही, कुठं घासलं नाही. तिला त्या हातांचं काम आवाजावरून कळायचं.

"थोडं आडतंय अजून," शांतादेवी म्हणाली.

दानम्मानं मूठभर ज्वारी जात्यात टाकली आणि खुंटा धरला.